तिरक्या रेघेनंतरची अक्षरं

नंदुरबारहून तळोद्याकडे जाताना एसटीत खिडकीशी जागा मिळाली, की रूपचंदनाना बाहेरच्या भिंती वाचत बसत. खताची जाहिरात, तिच्यावर बियाण्याची, तिच्यावर कुठल्याशा शिकवणी वर्गाची; आणि या सगळ्यांच्या खालून, रंगाचा पापुद्रा निघालेल्या जागी, एखादं जुनं अक्षर डोकं काढी. ते आपल्या हातचं आहे हे नाना शेजारच्याला कधी सांगत नसत. ओळखीचा माणूस दिसल्यावर मान हलवावी तशी मान हलवत आणि पुढची भिंत बघत.

त्यांचं गाव कोरीट. वाट्याला आलेली थोडी जमीन धाकटा भाऊ कसायचा, आणि नाना सोळाव्या वर्षापासून ब्रश धरत आले होते. नंदुरबारला एका उस्तादांकडे ते राहिले. पहिली दोन वर्षं उस्तादांनी त्यांना ब्रश धुवायला आणि गेरूची दोरी मारून भिंतीवर सरळ रेघ उमटवायला ठेवलं. मग अक्षरं दिली. आपलं अक्षर रेघेला वरून लटकतं, इंग्रजी अक्षर रेघेवर उभं राहतं, ही उस्तादांची पहिली शिकवण. दुसरी अशी, की भिंतीवर इंग्रजी काढायचं ते मोठ्या लिपीतलंच, ज्याला सगळे कॅपिटल म्हणतात. बारकं इंग्रजी वहीत ठीक. रस्त्यावरून जाणाऱ्याला ते मुंग्यांच्या रांगेसारखं दिसतं. सातवीपर्यंत शिकलेल्या नानांना इंग्रजी वाचून फारसं कळत नसे, पण सव्वीस कॅपिटल अक्षरं त्यांनी अशी घोटली होती, की शहाद्याच्या दुकानदारांनीही त्यांना पाट्यांसाठी बोलवावं.

पुढे फ्लेक्स आलं. सकाळी सांगितलेला बोर्ड संध्याकाळी हातात मिळू लागला, फोटोसकट. नानांच्या बरोबरीच्या पेंटरांपैकी कोणी रिक्षा घेतली, कोणी सुरतेला गेला. नाना राहिले. ट्रॉलीवर नंबर टाक, शाळेच्या भिंतीवर पाढे लिही, देवळाच्या कमानीला रंग दे, असं करत करत एकसष्टी गाठली. मुलगी मोहिनी लग्न होऊन सुरतेला होती. तिने आपला जुना मोबाईल त्यांना दिला होता. त्यावर ते मोहिनीच्या मुलाला बघत आणि एरवी तो शर्टाच्या खिशात जपून ठेवत.

दिवाळीनंतर एके दिवशी त्यांना तळोद्याहून बोलावणं आलं. तिथल्या एका आरोग्य संस्थेला डोंगरातल्या पाड्यांवर सत्तावीस भिंती लिहून हव्या होत्या. सातपुड्यात सिकलसेल हा आईबापांकडून रक्तात उतरणारा आजार घराघरांत आहे. रक्त तपासलं तर वेळेत कळतं, आणि त्यासाठी संस्था तळोद्यात आपल्याच अंगणात शिबिरं भरवायची. पण शिबिराची तारीख डोंगरात पोचायची नाही. फ्लेक्स लावलं तर आठ दिवसांत कोणी तरी ते उतरवून घराच्या कौलांवर अंथरायचं, आणि त्यात चूक तरी काय, घर गळण्यापेक्षा ते बरं. म्हणून भिंती. आणि तारखा तर बदलत्या, म्हणून भिंतीवर तारीख न लिहिता इंटरनेटवरचा पत्ता लिहायचा. आता प्रत्येक पाड्यावर दोन-चार पोरांकडे मोबाईल होताच. टेकडीवर चढलं की नेटवर्क मिळे. पत्ता टाकला की पान उघडणार आणि पुढच्या शिबिराची तारीख दिसणार.

हे काम काजल बघायची. तापीकाठच्या गुजर घरातली, पंचविशीची मुलगी. घरी केळी आणि ऊस, पण ती शिकून या संस्थेत लागली होती. तिने नानांना एक छापील कागद दिला. वर मराठीत दोन ओळी, आणि खाली इंग्रजीत पत्ता: आधी संस्थेचं नाव, मग एक तिरकी रेघ, आणि रेघेनंतर tarikh.

नानांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि पहिल्याच भिंतीवर तो पत्ता कॅपिटलमध्ये काढला. त्यात त्यांनी काही मोठा विचार केला असं नाही. चाळीस वर्षं हात जसा चालत आला तसा तो चालला. आपल्या लिपीत लहान क आणि मोठा क असं काही नसतंच. अक्षर मोठं काढलं की ते मोठं दिसतं, दुसरं होत नाही. इंग्रजीचंही तसंच असणार असं त्यांनी धरून चाललं होतं. संस्थेचा एक माणूस पहिली भिंत बघायला आला. त्याने मोबाईलवर पत्त्याचा पुढचा भाग, म्हणजे नुसतं संस्थेचं नाव टाकून बघितलं. संस्थेचं पान उघडलं. छान झालंय म्हणून तो निघून गेला. होळीच्या तीन आठवडे आधी नानांनी सत्ताविसावी भिंत पुरी केली. जीपने जेवढं वर जाता येतं तेवढं जायचं, पुढे डबे डोक्यावर घेऊन चालायचं, असं ते काम होतं.

शेवटची भिंत लिहून झाल्यावर नाना तिच्यासमोर उभे राहिले. ऊन कलतं होतं, निळ्यावर पांढरी अक्षरं खुलून दिसत होती. मोहिनीला फोटो पाठवावा म्हणून त्यांनी मोबाईल काढला आणि काढलाच आहे तर आपण लिहिलेलं उघडून तरी बघावं, असं त्यांच्या मनात आलं. भिंतीकडे बघत, एक एक अक्षर लावत, जसं होतं तसंच त्यांनी दाबलं. पांढऱ्या पडद्यावर एक ओळ आली. ती त्यांनी तिथल्या शिक्षकाला दाखवली. हे पान सापडत नाही असं लिहिलंय, शिक्षक म्हणाला, नेटवर्कचं काही असेल.

नाना तळोद्यात उतरले, बसस्टँडवर नेटवर्क भरपूर होतं. पुन्हा तसंच. मग ते तडक काजलच्या कचेरीत गेले.

काजलने आपल्या मोबाईलवर पत्ता टाकला. पान लगेच उघडलं, तारीख दिसली. नानांनी स्वतःच्या मोबाईलवर टाकला. पान सापडत नाही. दोन्ही मोबाईल टेबलावर शेजारी शेजारी ठेवून दोघं बघत राहिली. मग काजलचं लक्ष अक्षरांकडे गेलं. तिने सवयीने सगळं बारक्या लिपीत टाकलं होतं, आणि नानांनी भिंतीवरून, कॅपिटलमध्ये.

तिने त्यांना समजावलं. तिरक्या रेघेच्या आधीचा भाग कसाही लिहा, लहान, मोठा, चालतो. रेघेनंतरचं मात्र सर्व्हरवरच्या फाईलचं नाव असतं. सर्व्हर म्हणजे जिथे ही पानं ठेवलेली असतात ते दूरचं मशीन. त्या मशीनला मोठा T आणि लहान t ही एका अक्षराची दोन रूपं वाटत नाहीत. ती दोन वेगळीच अक्षरं.

"म्हणजे ब आणि व," नाना म्हणाले. "पोटातली एक रेघ गेली की अक्षरच बदलतं."

"हो नाना. तसंच."

नानांनी दोन्ही पडदे पुन्हा एकदा जवळून बघितले. मग त्यांनी विचारलं, इतके दिवस कोणाची तक्रार कशी आली नाही. काजल म्हणाली, बहुतेक लोक मोबाईलवर सगळं बारकंच टाकतात, कोण एवढं लहान-मोठं करत बसतंय. त्यांचं पान उघडतं. नानांच्या डोक्यात ती गोष्ट रुतून बसली. ज्यांनी भिंतीकडे धड लक्ष न देता टाकलं त्यांचं काम झालं होतं. ज्यांनी त्यांची अक्षरं मनापासून, होती तशी उतरवली होती, ते परत गेले होते.

त्यांनी सगळ्या भिंती पुन्हा लिहून द्यायची तयारी दाखवली. काजलने तोवर त्यांच्यासमोरच दुसरा उपाय केला. त्याच पानाची एक नक्कल काढली आणि तिला कॅपिटलमधलं नाव दिलं, TARIKH. आता सर्व्हरवर दोन पानं झाली, एक लहान नावाचं, एक मोठ्या. नानांच्या मोबाईलवर पत्ता उघडला. दोघांच्याही जिवात जीव आला. एका मिनिटाचं काम होतं, काजल म्हणाली, तुम्ही उगाच जीव टांगणीला लावला होता.

नाना घरी आले आणि तो विषय त्यांच्या मनातून गेला.

पंधरा दिवसांनी, होळीच्या आदल्या आठवड्यात, ते पुन्हा संस्थेत आले होते. संस्थेने नवी गाडी घेतली होती, तिच्या दारांवर नाव लिहायचं होतं. तो गुरुवार होता. डोंगरात होळीआधी भोंगऱ्या बाजार भरतात. ढोल, नाच, नवे कपडे, सगळा डोंगर तिथे लोटतो. शिबिर खरं तर त्याच गुरुवारी ठरलेलं होतं. पण बाजाराच्या दिवशी कोण येणार म्हणून ते आधीच्या सोमवारी घेऊन उरकलंही होतं. अंगण रिकामं होतं. नाना गाडीच्या दारापाशी उकिडवे बसून रेघ आखत होते.

फाटकातून एक बाई आत आली, साठीच्या पुढची, कमरेत किंचित वाकलेली. मागे शाळेच्या गणवेशातली एक मुलगी. बाईने रिकाम्या अंगणाकडे बघितलं, मग नानांकडे, आणि रक्त तपासणारे कुठे आहेत असं विचारलं. नानांनी सांगितलं, शिबिर तर सोमवारीच झालं.

बाईचं नाव धनुबाई. आमलीपाड्याहून आली होती. मुलगी तिची नात, रविता, आश्रमशाळेत दहावीला. थंडीत तिचे सांधे दुखायचे, कधी इतके की रात्र रात्र झोप नाही. तिच्या मावशीला सिकलसेल निघाला होता, म्हणून बाईंनी, म्हणजे शाळेतल्या शिक्षिकेने, तपासून घे म्हणून सांगितलं होतं. पहाटे अंधारात दोघी निघाल्या, दोन तास उतरल्या, मग जीप मिळाली. पोरीच्या सगळ्या मैत्रिणी आज भोंगऱ्याला गेल्या होत्या. ही हट्टाने इकडे आली होती.

रविताने मोबाईल पुढे केला. त्यावर पान उघडलेलं होतं आणि त्यात तारीख होती गुरुवारची.

नानांनी पत्त्याकडे बघितलं. रेघेनंतरचं अक्षर न् अक्षर कॅपिटल.

"भिंतीवरचं बघून टाकलं का तू?" त्यांनी विचारलं.

"जसं होतं तसंच," रविता म्हणाली. "आमच्या सरांनी सांगितलंय, पत्ता चुकवायचा नाही."

नाना तिला घेऊन आत काजलकडे गेले. काजलने मोबाईल हातात घेतला आणि तिचा चेहराच उतरला. तारीख बदलून सोमवारची तिने आठवणीने केली होती, पण लहान नावाच्या पानावर. मोठ्या नावाची नक्कल आहे हेच ती विसरून गेली होती. ते पान अजून जुनी तारीख सांगत बसलं होतं. आधी निदान पान सापडत नाही असं तरी म्हणत होतं, आता खोटं बोलत होतं.

काजलने धनुबाईची माफी मागितली. तपासणारा माणूस सामान घेऊन दुसऱ्या तालुक्यात गेला होता, त्याला फोन लावून बघितला, तो होळीनंतरच मोकळा होणार होता. पुढचं शिबिर सतरा दिवसांनी. काजलने ती तारीख कागदावर लिहून दिली, दोघींना चहा दिला, परत जायला संस्थेची जीप काढून दिली. धनुबाई चिडली नाही. जीप येईपर्यंत ती ओट्यावर बसून नानांचं काम बघत होती. पाड्यावरच्या बोलीत अहो-जाहो नसतं. तिने सरळ विचारलं, "आमच्या भिंतीवर तूच लिहिलंस?"

"मीच."

"चांगलं आहे. लांबून दिसतं," ती म्हणाली. "पोरीला वाटलं, एवढ्या चांगल्या अक्षरात लिहिलंय म्हणजे खरं असणार."

ती बोलली ते टोचायला नाही, नुसतं सांगायला. पण नानांच्या हातातला ब्रश थांबला तो थांबलाच. गाडीचं एक दार त्या दिवशी अर्धंच राहिलं.

संध्याकाळी कोरीटला आल्यावर ते जेवायला बसले, पण अर्ध्या भाकरीवरच उठले. त्यांच्या बायकोने, प्रमिलाबाईंनी, विचारलं तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. तारीख बदलायची राहिली ती त्या काजलकडून, तुम्ही कशाला जिवाला लावून घेता, असं प्रमिलाबाईंचं म्हणणं पडलं. शिवाय कागदावरचं तुम्ही लिहिलं, वाढवून-गाळून तर लिहिलं नाही.

"कागदवर बारीक व्हतं," नाना म्हणाले. "मी मोठं करं. मन्हं चुकनं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते ओसरीवर खडू घेऊन बसले. बारक्या इंग्रजीशी त्यांची कधी सोयरीकच जमली नव्हती. t ची मान किती उंच, r चा आकडा कुठे वळवायचा, i वरचं टिंब किती अंतरावर, k चे पाय किती फाकवायचे, हे त्यांनी काजलच्या कागदावरून बघून बघून गिरवलं. एकसष्ट वर्षांचा पेंटर फरशीवर सहा अक्षरं काढतोय आणि पुसतोय, हे बघून शेजारची बाई प्रमिलाबाईंना काय चाललंय म्हणून विचारून गेली. दुपारपर्यंत त्यांचा हात बसला. तेव्हा त्यांनी डबे बांधायला घेतले.

"तुम्हले कोनी सांगं का परत लिखाले?" प्रमिलाबाईंनी विचारलं.

"कोनीच नही सांगं. म्हनीसनच जाई ऱ्हायनू."

कोणी सांगितलं नाही म्हणूनच निघालोय, हे ऐकून प्रमिलाबाईंनी भाकऱ्या बांधून दिल्या.

पहिली भिंत त्यांनी आमलीपाड्याचीच धरली. जालमसिंग नावाच्या माणसाच्या घराची ती बाजू होती. त्याने विचारलं, चांगलं लिहिलेलं का पुसतोस. नानांनी त्याला रेघेच्या आधीचं आणि रेघेनंतरचं समजावून सांगितलं, ब आणि व चा दाखला दिला. जालमसिंगला ते पटलं की नाही कोण जाणे, पण त्याने घडवंची आणून दिली. काजलने सांगितल्याप्रमाणे रेघेच्या आधीचा भाग बदलायची गरज नव्हती. नानांनी फक्त रेघेनंतरच्या तुकड्यावर निळा फासला, तो वाळू दिला आणि त्यावर बारक्या लिपीत सहा अक्षरं काढली.

मागे सरून त्यांनी बघितलं आणि त्यांना ते बघवेना. पुढे धिप्पाड अक्षरांची रांग आणि शेवटी ही खुजी सहा. लग्नाच्या पंगतीत वडीलधाऱ्यांच्या शेजारी पोरं बसवावी तसं. आयुष्यात असं बेढब काम त्यांनी कुठे ठेवलं नव्हतं. सगळीच ओळ बारक्या लिपीत नव्याने लिहावी असा मोह त्यांना झाला. पण तसं केलं तर एका भिंतीला दीड दिवस जाणार आणि पुढचं शिबिर पंधरा दिवसांवर आलेलं. त्यांनी डबा उचलला आणि पुढच्या पाड्याची वाट धरली.

होळीचे दोन दिवस सोडले तर ते रोज डोंगरात होते. मुक्काम कधी शाळेत, कधी कोणाच्या ओट्यावर. उजवा गुडघा आधीपासून कुरकुरायचा, तो आता चढावर बोलायला लागला. पोरं जमली की नाना त्यांच्यातल्या मोबाईलवाल्याला पुढे बोलवत आणि भिंतीवरून पत्ता टाकायला लावत. पान उघडून तारीख दिसली की मगच डब्याला झाकण लावत. एका पाड्यावर i वरचं टिंब बघून कोणी तरी ते रंगाचा ओघळ समजून बोटाने पुसलं होतं. ते त्यांनी परत दिलं.

इकडे काजलही गप्प बसली नव्हती. त्याच गुरुवारी तिने ती नक्कल काढून टाकली होती आणि नाशिकला जो माणूस संस्थेचा सर्व्हर सांभाळायचा त्याच्यामागे लागली होती. तिचं मागणं असं, की कोणी पत्ता मोठ्या लिपीत टाको की लहान, त्याला त्याच एका पानावर नेऊन सोडायचं. पान एकच राहिलं की विसरायला दुसरं उरत नाही. तो माणूस आज करतो, उद्या करतो म्हणत राहिला. अकराव्या दिवशी त्याने ते केलं.

काजलने लगेच नानांना फोन लावला नाही. ते वर डोंगरात कुठे तरी घडवंचीवर उभे असतील, आणि आता याची गरज नाही हे कसं सांगायचं, हे तिला समजेना. दुसऱ्या दिवशी नाना रंग संपला म्हणून तळोद्यात उतरले तेव्हा तिने चाचरत सांगितलं. अठरा भिंती झाल्या होत्या, नऊ राहिल्या होत्या. तिला वाटलं होतं, त्यांना वाईट वाटेल, किंवा ते हट्टाने उरलेल्याही लिहायला जातील.

नाना खुर्चीत टेकले, पाय लांब केला. आपला मोबाईल काढून त्यांनी आधी मोठ्या लिपीत पत्ता टाकला, मग लहान लिपीत, मग मुद्दाम अर्धा असा अर्धा तसा. तिन्ही वेळा तेच पान, तीच तारीख.

"बरं झालं," ते म्हणाले. "गुडघा फार दुखत होता."

आणि ते घरी गेले. प्रमिलाबाईंनी तेल गरम करून दिलं, चार दिवस ते ओसरीवरून हलले नाहीत. पाचव्या दिवशी जाऊन त्यांनी गाडीचं राहिलेलं दार पुरं केलं.

शिबिराला माणसं बरीच आली. धनुबाई रविताला घेऊन आली, रक्त दिलं. पुढे आठ दिवसांनी कळलं ते असं, की आजार रविताला आहे. शिबिर चुकलं नसतं तरी तेच कळलं असतं. पण औषध तीनेक आठवडे का होईना आधी सुरू झालं असतं, हे काजलने नानांपासून लपवलं नाही, आणि नानांनीही मनाची समजूत घालून ते झटकलं नाही. रविताला गोळ्या सुरू झाल्या. थंडीत काय करायचं, पाणी किती प्यायचं, दुखायला लागलं की कुठे यायचं, हे तिने वहीत लिहून घेतलं. यंदा ती तळोद्याला अकरावीला आहे. तब्येत कधी चांगली असते, कधी नसते. नाना काजलला फोन करतात तेव्हा तिची चौकशी करतात.

संस्थेत आता कुठलाही पत्ता छापायला जायच्या आधी काजल नानांना पाठवते. त्यांच्याइतकं जसंच्या तसं टाकून बघणारा दुसरा कोणी नाही, असं ती म्हणते. नाना चष्मा लावतात आणि एक एक अक्षर लावतात. दोनदा त्यांनी चुका काढूनही दिल्या.

डोंगरात अठरा भिंतींवर ती बेढब ओळ आहे आणि नऊ भिंतींवर जुनी, सगळी कॅपिटल. त्या नऊ भिंतींतली एक तळोद्याहून डोंगर चढताना, जीप थांबतात त्या वळणावर आहे. दोन्ही तऱ्हांनी पान उघडतं हे नानांना पक्कं ठाऊक आहे. तरी त्या वळणावर उभं राहायची वेळ आली, की ते खिशातून मोबाईल काढतात, भिंतीकडे बघून पत्ता टाकतात, तारीख दिसेपर्यंत थांबतात, आणि मग जीपमध्ये चढतात.